एक तांब्या काढायचा, एक घालायचा

कोपरी, ठाणे
१९ जुलै १९५३

सौ. प्रमोदिनीबाई यांस,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर छान आहे. मजकूर मला आवडलेला नाही.

उत्तर तुम्हाला लिहिते आहे, मधूला नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ असला तरी त्याच्याशी माझा अबोला आहे आणि तो का, हे त्याला ठाऊक आहे. त्याने दुसरं लग्न केलं म्हणून नाही. बायको गेली, वय लहान, माणसाने लग्न करावंच. पण आम्हाला ते कल्याणच्या बाजारात भाजी घेता घेता एका लांबच्या मामाकडून कळावं? अण्णांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, त्या दिवशी घास गिळवला नाही. तुमचा यात दोष नाही. हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचलंत आणि त्याच्या कानावर पडलं, तर माझी हरकत नाही.

तुम्ही लिहिता, श्रावणात दोन दिवसांची रजा काढून येतो आणि नीलाला घेऊन जातो, आता तिने आपल्या घरी राहायला हवं. आपलं घर कुठलं हो? सुमती, तुमच्या आधीची, गेली तेव्हा पोर दोन वर्षांची होती. मधू नागपूरहून तिला घेऊन आला, ओटीवर ठेवलीन आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेला. पोर चालत होती ती बसली. चुरूचुरू बोलत होती ती मुकी झाली. अंगावर पुरळ, पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, हवापाणी बदललंय, होईल हळूहळू. झालं, पण कसं झालं ते माझं मला माहीत. पिठोरीच्या सुमाराला आलेली पोर दिवाळीपर्यंत तोंडातून एक शब्द काढत नव्हती.

आता ती पाच वर्षांची आहे. वालाचं बिरडं केलं की हाक मारायच्या आधी पाटावर येऊन बसते. खाडीकाठच्या पोरींबरोबर खेकड्यांच्या मागे धावते आणि त्यांच्या दोन-चार शिव्यासुद्धा शिकून आली आहे. मधू तिला माहीत आहे तो भिंतीवरच्या फोटोतला. तिला परत उचलायची, गाडीत घालायची आणि परक्या हवेत नेऊन सोडायची, असा तुमचा बेत आहे. अहो, जिताड्याचं पिल्लूसुद्धा आम्ही घागरीतून एकदम तळ्यात उपडं करत नाही. तुम्ही तर पोर उपडी करायला निघालात.

यायचं तर या, घर मधूचंही आहे. पण पोर मिळणार नाही. आणि मला वन्सं म्हणू नका. अजून तेवढी ओळख झालेली नाही.

कलावती

*

कोपरी, ठाणे
९ ऑगस्ट १९५३

प्रमोदिनीबाईंस,

मी भांडायला लिहिलं आणि तुम्ही विचारता, मग जिताड्याचं पिल्लू सोडतात कसं! पत्र पुन्हा वाचून बघितलं, थट्टा करताय की काय म्हणून. थट्टा नसावी. तुम्ही बी. एस्सी. आहात आणि मुलींच्या शाळेत प्राणिशास्त्र शिकवता, हे मधूने कधी कळवलं असतं तर मी जरा जपून लिहिलं असतं. पण तो कळवणाऱ्यातला नव्हे.

तर ऐका. जिताडा हा खाडीतला मासा. पावसाळ्यात त्याची बोटाएवढी पिल्लं खाडीतून आत येतात. आमच्या घरामागे गोड्या पाण्याचं तळं आहे. धाकू म्हणून इथल्या मिठागरावरचा आमचा जुना माणूस आहे, तो दरवर्षी घागरीतून पिल्लं आणून देतो. तळ्यात जिताडा चांगला हातभर होतो. घरात पाहुणा आला, बाळंतीण उठली, की मगच तो काढायचा. पण खाडीच्या पाण्यातलं पिल्लू गोड्या पाण्यात एकदम गेलं तर मरतं. म्हणून घागर पडवीत ठेवायची. एक तांब्या खारं पाणी काढायचं, एक तांब्या तळ्याचं घालायचं, आणि थांबायचं. पिल्लं तळाशी नीट फिरत असली तर पुढचा तांब्या. वर येऊन तोंडं उघडायला लागली तर हात आवरायचा, आणि जरूर पडली तर थोडं खारं परत घालायचं. त्यात कमीपणा मानायचा नाही. आईने मला असं शिकवलं, तिला तिच्या सासूने.

नीला आली त्याच आठवड्यात धाकूने घागर आणलेली. मला पोरीला मांडीवरून खाली ठेवता येत नव्हतं. अण्णा म्हणाले, मासा तो मासा, पाणी ते पाणी, त्यात एवढं सोवळं कसलं? आणि दिली घागर तळ्यात उपडी करून. संध्याकाळी सगळी पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस, पण तळ्याकडे पाठ करून बसला तो जेवायला उठेना. मी पोरीला कडेवर घेऊन काठावर उभी होते. तेव्हा मला उमगलं की हिला काय झालंय.

दुसऱ्या दिवशी तिचा भात बंद केला. कल्याणहून ज्वारी मागवली, कारण सुमती तिला भाकरी दुधात कुस्करून भरवायची. त्या भाकरीत रोज चिमूटभर भात. तिची नागपूरची मळकी दुलई मी धुवायला टाकलेली, ती परत काढून तशीच तिच्या अंगाखाली घातली. दिवाळीत एकदा नुसता मऊ भात भरवत होते तर म्हणाली, “अजून.” मी देवापुढे साखर ठेवली आणि मोरीत जाऊन रडले.

तुम्ही लिहिलंत ते अण्णांना वाचून दाखवलं. खाऱ्या पाण्यातला मासा पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या पेशी बाहेर टाकतात. गोड्या पाण्यात त्याच कल्ल्यांना उलटं काम करावं लागतं, मीठ आत धरून ठेवायचं. आणि काम असं उलटं करायला पेशींना वेळ लागतो. अण्णा म्हणाले, सुनेला मासे कळतात, म्हणजे मधूने लग्न चांगलं केलंन. मासळीवरून सून पसंत करणारा सासरा आमच्या ठाण्यातच मिळायचा.

आता मला सांगा, एवढ्याशा पेशीला वेळ लागतो हे ज्या बाईला कळतं, ती दोन दिवसांची रजा कशी लिहिते? दिवाळीत शाळेला सुट्टी असेल. एकट्या या. पोर न्यायला नाही, राहायला. आणि त्याआधी तुमचं रोजच्या नेसणीतलं एक पातळ पाठवा. धुऊ नका. मी ते तिच्या अंथरुणात घालेन.

कलावती

*

कोपरी, ठाणे
२९ नोव्हेंबर १९५३

चि. प्रमोदिनीस,

एवढे दिवस माझ्या मोरीत भांडी घासलीस, आता तुम्ही म्हणायला जीभ रेटत नाही.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तुझ्यामागे घर पहिल्यासारखं चालू आहे. तू पहिल्या दिवशी आलीस तेव्हा पोर कोठीत तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसली होती, आणि मला मनातून, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं. दुसरी एखादी असती तर खाऊ दाखवून बोलवत बसली असती. तू तळ्याच्या पायरीवर जाऊन पाठमोरी बसलीस, पाण्याकडे बघत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पोर तुझ्या मागच्या पायरीवर. मी सैपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि म्हटलं, हिला तांब्या धरता येतो.

भातात भाकरी कुस्करायचं तुझं चालू ठेवलं आहे. नीला मजेत आहे. तुझी आठवण फारशी काढत नाही. मुलांचं असंच असतं, समोर माणूस आहे तोवर. तेव्हा न्यायची घाई करू नये असं मला वाटतं. पुढल्या वर्षी बघू. नागपूरचा उन्हाळाही वाईट.

कलावती

(याच कागदाच्या मागे, वेगळ्या हस्ताक्षरात)

चि. सौ. प्रमोदिनीस अण्णांचे आशीर्वाद. हे पत्र टपालात टाकायला मजकडे दिलेलं आहे. पाकीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. नोकरी सुटली तरी कागद वाचायची खोड सुटत नाही. कलू खोटं लिहिते. पोर रोज सकाळी उठून विचारते, नागपूरची बाई कधी येणार. तुझ्या पातळाला कुणाला हात लावू देत नाही. मी लिहिल्याचं कलूला कळवू नये, तिच्या जिवाला लागेल. जिताडे ठीक आहेत.

*

कोपरी, ठाणे
१० डिसेंबर १९५३

चि. प्रमोदिनीस,

तुझ्या पत्रात आहे, “नीलाला सांगा, नागपूरची बाई लवकरच येईल.” हे नाव तुला कुणी सांगितलं? तू इथे असताना ती तुला काहीच म्हणत नव्हती. अण्णांना विचारलं तर ते पंचांग उघडून बसले. एकादशी शोधत होते म्हणे, आणि पंचांग गेल्या वर्षीचं.

बरं, खरं ते सांगते. ती विचारते. सकाळी विचारते, जेवताना विचारते. मी म्हणते, येईल हो, आणि पुढचा घास जरा मोठा भरवते म्हणजे तोंड बंद होईल. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून मी या घरी परत आले. मला मूल होणार नव्हतं. भावाने एक ओटीवर आणून ठेवलं, तेही त्याचंच. परत मागायचा त्याला हक्क आहे, तुलाही आहे. पण मला ती द्यायची नाही, प्रमोदिनी. मला ती अजिबात द्यायची नाही. लिहून टाकलं, जरा मोकळं वाटलं.

तू लिहितेस, मधूला पोरीच्या तोंडात सुमती दिसायची म्हणून तो पळाला, आणि मग लाजेने आलाच नाही. असेल. तो घाबरट आहे, वाईट नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण हीच एक ओळ त्याने स्वतः लिहिली असती तर त्याची बोटं झडली असती का?

घेऊन जा तिला. मेमध्ये नको, आत्ता थंडीत ने. तुमच्याकडचा उन्हाळा तिला एकदम भेटायला नको, पायरीपायरीने अंगावर येऊ दे. नाताळच्या सुट्टीत या. मधू आला तर येऊ दे. मी बोलणार नाही, पण पान वाढीन.

कलावती

*

कोपरी, ठाणे
१२ जानेवारी १९५४

चि. प्रमोदिनीस,

तुझं पत्र आत्ता आलं. हे माझ्याआधी पोचावं म्हणून धाकूला ताबडतोब टपालात टाकायला पाठवते आहे.

ताप आहे, खात नाही, आणि गेल्यापासून बोललेली नाही. तू विचारतेस, माझं काय चुकलं? तुझं काही चुकलं नाही. नाताळात तुम्ही दोघं आलात, मधू खाली मान घालून जेवला, पोरीने त्याला विचारलं, फोटोतले ते तुम्हीच का, आणि तो उठून तळ्यावर गेला, तेव्हाच मला वाटलं होतं की हा आता पळणार नाही. त्या आनंदात आपण सगळ्यांनीच शेवटचे तांबे भराभर घातले. कल्याणच्या फलाटावर ती तुझं बोट धरून हसत गाडीत चढली आणि आपल्याला वाटलं, झालं. पिल्लू घागरीत कितीही छान फिरलं तरी तळं निराळंच असतं. तिथली हवा कोरडी, भिंती निराळ्या, सकाळी कावळ्यांआधी खाडीचा वास नाही.

पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली तर काय करायचं, हे मी तुला लिहिलं होतं. थोडं खारं परत घालायचं. ते खारं पाणी म्हणजे मी. शुक्रवारी कल्याणहून गाडी धरते.

तोवर भाकरी बंद ठेव. मऊ भात दे, नुसता, वर तुपाचा थेंब. डॉक्टरांचं औषध चालू असू दे. कण्हली तरी सारखं जवळ घेऊ नकोस, जवळ बस मात्र. बिरड्याचे वाल भिजत घातले आहेत, वाटेत मोड येतील. विहिरीचं पाणीही घेते, हसू नकोस, तुमच्या पाण्यात थोडं थोडं मिसळू.

मधूच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही असं मी अण्णांसमोर म्हणाले होते. आज म्हटलं, ते विसरा. म्हणाले, कधीच विसरलो.

स्टेशनवर मधूला पाठव. हात भरलेले असतील, बोलावंच लागेल.

आक्का

*

कोपरी, ठाणे
२१ फेब्रुवारी १९५४

चि. सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

काल पोचले. प्रवास बरा झाला. समोरच्या बाकावर एक बाई होती, तिने नाशिक येईपर्यंत तिच्या जावयाची निंदा केली. ऐकण्यात वेळ गेला, मला तेवढंच हवं होतं.

मधूशी माझं स्टेशनवर काय बोलणं झालं, असं तू मला दोनदा विचारलंस आणि मी टाळलं. काही नाही गं. तो पुढे आला, म्हणाला, “आक्का, कळशी दे.” मी म्हटलं, “जड आहे, सांभाळ.” एवढंच. एवढ्यासाठी इतकी वर्षं घालवली दोघांनी. कळशी त्याने घरापर्यंत मांडीवर धरली होती, टांग्यात एक थेंब सांडू दिला नाहीन.

तू तिथे विचारलं नाहीस, पण तुझ्या लक्षात आलं असणार. मी आले त्या दिवशी पोरीने माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि ती पहिल्यांदा रडली, तेव्हा मला वाटलं, उचलावी आणि तशीच परतीच्या गाडीत बसावं. कुणी अडवलं नसतं. मधूने तर नाहीच. तूही दाराशी उभी होतीस आणि मागे सरलीस. तू मागे सरलीस म्हणूनच मी थांबले.

मग मी माझं अंथरूण रोज थोडं थोडं लांब घातलं. आधी तिच्याशेजारी, मग तुमच्या दोघींच्या पलीकडे भिंतीशी, मग दाराबाहेर, मग पडवीत. पडवीत मला थंडी वाजायची. तू शाल आणून द्यायचीस आणि आत ये म्हणायची नाहीस. आभार मानायचे राहिले होते, ते आता मानते.

कळशी आटली त्याच आठवड्यातली गोष्ट. मी जेवायला हाक मारली तर पोर अंगणातून ओरडली, “आत्या, मी खेळून राहिली ना!” ठाण्यात कोणी असं बोललं तर मी कान धरीन. पण मी हातातली पळी खाली ठेवली आणि मधूला म्हटलं, माझं तिकीट काढ.

निघाले तेव्हा ती शेजारच्या अंगणात लगोरी खेळत होती. तू तिला हाक मारायला निघालीस आणि मी तुझा हात धरला, आठवतं? तुला वाटलं असेल, ही म्हातारी कठीण काळजाची. तसं नाही. पिल्लू तळ्यात रमलं की घागरीकडे बघत नाही. बघायला लागलं तर समजावं, अजून त्याला वेळ आहे. तिने नुसता हात हलवला आणि ठिकरी उचलायला पळाली. मी मात्र टांगा वळेपर्यंत बघत होते.

इकडे अण्णा ठीक आहेत. धाकू आला होता, होळीला जिताडा काढू का विचारत. यंदाचे लहान आहेत, पण गेल्या सालचा एक मोठा आहे, नीला ज्याला हाक मारायची तो. अण्णा म्हणाले, त्याला हात लावायचा नाही, तो सुट्टीत मालकिणीला दाखवायचा आहे. सुट्टीत तिला पाठवा. एकदम एकटी नको, आधी चार दिवस मधूला तिच्याबरोबर इथे राहू दे. तूही ये.

राहता राहिली मी. आल्यापासून पानं मांडते ती तीनच मांडते. वाल सोलायला बसले की हात थांबत नाही, बिरडं उरतं. अण्णा उरलेलं निमूट खातात आणि मग ओवा मागतात. सकाळी विहिरीवर गेले की मागे वळून म्हणते, कठड्यापासून लांब हो. तिथे कोणी नसतं. मला कुणी तळ्यात उपडं केलं नाही, मी आपल्या पायांनी उतरले, तरी जीव वर वर येतो. कल्ल्यांना वेळ लागतो, तूच लिहिलं होतंस.

म्हणून एक काम कर. तिचा रोजच्या वापरातला एक फ्रॉक पाठव. तो निळा चालेल, खिशाशी फाटलेला. धुऊ नकोस.

तुझी
वन्सं